ढेपीची खोली

आमच्या गावात कोणालाही विचारा, निर्मला दोन वर्षं रोहण्याला मामाकडं शिकायला होती, असंच सांगतील. साफ खोटं आहे. शेवटचा एक महिना सोडला तर त्या दोन वर्षांत मी रोहण्याची वेससुद्धा पाहिली नाही. मी आमच्याच घरात होते. मागच्या अंगाला गोठ्याला लागून ढेपीची खोली होती, तिच्यात. आणि पुढं ओट्यावर बसून माझे वडील आल्यागेल्याला सांगत होते की पोरगी तिकडं रमली, अभ्यासात बरी आहे, मामी लई जीव लावते. मामी मला इतका जीव लावते हे ऐकून ऐकून आत बसल्याबसल्या मलाच मामीबद्दल प्रेम वाटायला लागलं होतं. आता साठी उलटल्यावर हे आठवलं की हसू येतं असं म्हणावंसं वाटतं, पण ते काही खरं नाही. मला अजून राग येतो. कोणावर यावा ते मात्र कळत नाही, कारण त्या घरात माझ्यावर प्रेम न करणारं एकही माणूस नव्हतं.

मला लहानपणापासून दमा. आमचं गाव तळेगाव आणि आष्टीच्या मधलं, चहूकडं संत्र्याचे बगीचे, आणि मला मेलीला संत्र्याची एक फोड खायची बंदी, कारण ते थंड. पावसाळा लागला की छातीत पिपाणी वाजायची, मग माय मोहरीचं तेल कोमट करून छातीला चोळायची आणि चार दिवसांनी मी पुन्हा पोरांमागं धावायची. पाचवीच्या वर्षी मात्र खोकला बसेना. ताप यायला लागला, फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. बाबा मला बैलबंडीत घालून तालुक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. त्यांनी एक्सरे काढला, काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, वरच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या डागावर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाले, "टीबी आहे." त्यांना तरी काय बोल लावू? खोकला, ताप, रोडावलेलं पोर आणि एक्सरेत डाग, असं दिसलं की त्या काळी आमच्या भागात दुसरं काही कोणाच्या मनातच यायचं नाही. घरी आल्यावर बंडीचे बैलही न सोडता स्वयंपाकघरात गेले. माय भाकरी थापत होती, तिच्याशी हळू आवाजात बोलले. मी दाराशीच उभी होते.

"अवो, पण लोकायले सांगायचं काय?" माय म्हणाली.

"काई नाई सांगायचं. रोहण्याले गेली म्हणायचं, मामाकडं."

"आन ठेवायचं कुठी पोरीले?"

"ढेपीच्या खोलीत. गरम जागा हाये, वारा लागत नाई. शोभीचं जमेपर्यंतची तं गोष्ट हाये."

शोभाताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. त्या वर्षी तिला स्थळं पाहायला सुरुवात झाली होती, आणि ज्या घरात टीबी त्या घरची पोरगी कोण करतं? आमच्याकडं अशी मोडलेली लग्नं सगळ्यांनी पाहिली होती. म्हणून माझ्या छातीतल्या डागाची गाठ ताईच्या लग्नाशी बांधली गेली. मला तेव्हा बारावं लागलं होतं. मी रडलेबिडले नाही. उलट मला जरा महत्त्व आल्यासारखं वाटलं. बारा वर्षांच्या पोरीची अक्कल तेवढीच असायची.

ढेप म्हणजे सरकीचं तेल काढल्यावर उरतो तो चोथा. त्याच्या जाड, कडक थाप्या असतात, त्या फोडून गाईम्हशींना घालायच्या. आमच्या त्या खोलीत एका भिंतीला ढेपीची पोती, दुसऱ्या भिंतीला तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मधे माझी बाज. खिडकी म्हणायला वीतभर झरोका, तोही मायनं वारा लागू नये म्हणून गोणपाटानं बुजवला. ताट वेगळं, गिलास वेगळा, पांघरूण वेगळं. आणि बाजेखाली एक गाडगं, त्याच्या तळाशी चुलीतली राख. खोकला आला की त्या राखेत थुंकायचं आणि लगेच वरून राखेची मूठ टाकायची, पाहायचं नाही. टीबीच्या माणसाचं थुंकणं पाहू नये, त्याची वाफही लागू नये, अशी आमच्याकडची रीत. बाबा रोज ते गाडगं उचलून मागच्या वावरात खड्डा करून पुरायचे. सुईही तेच टोचायचे. तालुक्याच्या कंपाउंडरकडून शिकून आले होते आणि बैलाला टोचावी तशी टोचायचे. संध्याकाळी वावरातून आले की दाराशी उभे राहून विचारायचे, "हाये का वं?" मी म्हणायची, "हाये." मग ते हातपाय धुवायला जायचे. दोन वर्षं आमचं बोलणं ते एवढंच.

बसून बसून जीव कंटाळतो म्हणून मायनं मला एक काम दिलं होतं, ढेप फोडायचं. मला त्या कामाचा कोण आनंद! दगडी बत्ता घ्यायचा, थापी मांडीपुढं ठेवायची आणि घाव घालायचे. कपिला नावाची आमची गाय भिंतीपलीकडून हंबरायची, तिला कळायचं की आपलंच चाललंय. पावसाळ्यात थाप्यांवर हिरवी, मखमली बुरशी चढायची. ती मी फडक्यानं झटकायची, फुंकायची, मग फोडायची. झरोक्याच्या फटीतून जो काय उजेड यायचा त्यात ती धूळ उडताना दिसायची आणि मला ती फार आवडायची, करमणूकच ती. आज घरात पोळीला बुरशीचा ठिपका दिसला तरी मी डबा सरळ अंगणात फेकते. सून म्हणते, आई, अख्खा डबा? मी म्हणते, हो, अख्खा.

घर मी कानांनी जगत होते. सकाळी पाट्यावर वरवंटा घासला गेला की ठेचा. खलबत्त्याचा आवाज आला की पाहुणे. मायच्या बांगड्या एका विशिष्ट लयीत वाजल्या की ती पाटवडीचं बेसन घोटते आहे, हे मला न चुकता कळायचं, आणि त्या दिवशी तोंडाला पाणी सुटून मी वेडी व्हायची. कढीगोळ्यांच्या फोडणीचा वास गोठ्यातून फिरून, शेणाचा वास घेऊन माझ्यापर्यंत यायचा, तरी चांगला लागायचा. मला मात्र मऊ भात आणि मुगाचं वरण. रेडिओ पुढच्या खोलीत लागायचा, शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण. शाळा सुटली की पोरींची गलका करत जाणारी टोळी आमच्या गल्लीतून जायची. त्यातली माझी मैत्रीण कुसुम मोठ्यानं हसायची. एकदा ती ओट्यापाशी थांबून मायला म्हणाली, "काकू, निर्मली चिठ्ठी काऊन नाई पाठवत?" माय म्हणाली, "अभ्यास लई राह्यते वं तिकडं." मी तोंडावर पांघरूण दाबून धरलं. दार उघडून धावावं, कुसुमच्या पाठीत धपाटा घालावा, एवढंच वाटत होतं. दाराला बाहेरून कडी नव्हती बरं का. कधीच नव्हती. मीच जात नव्हते. शोभाताईचं लग्न त्या दाराशी उभं होतं, त्याला ढकलून कशी जाणार?

आणि मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. पहिल्याच पावसाळ्यात एकदा खोकल्याची मोठी उबळ आली, राखेपर्यंत जायला वेळ मिळाला नाही, हातावरच पडलं. रक्त नव्हतं. तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेराएवढा, चिवट तुकडा होता, डिंकासारखा वाकणारा. मी तो कितीतरी वेळ पाहत राहिले. माझी खात्री पटली की हे आपलं फुप्फुस आहे, कुजून तुकड्यातुकड्यानं पडायला लागलं आहे. त्यानंतर दर थोड्या दिवसांनी तसा तुकडा पडायचा. पडला की छाती दोन दिवस मोकळी वाटायची, हे मला कळत होतं, पण मरताना असंच हलकं वाटत असेल असा मी अर्थ लावला. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माय रडली असती, तालुक्याला पुन्हा खेपा झाल्या असत्या, बोभाटा झाला असता. मी ते तुकडे मुकाट्यानं राखेत ढकलले आणि बाबांनी ते मुकाट्यानं पुरले. आजाराची सगळ्यात मोठी खूण रोज आमच्या घरातून जमिनीत जात होती आणि ती पाहायची नाही असा घरचा नियम होता.

दुसऱ्या पावसाळ्यात मी उठायची बंद झाले. औषधं बदलली, सुया वाढल्या, रात्रीच्या अंधारात बंडीतून तालुक्याला लपवून नेऊन आणखी दोनदा एक्सरे काढले. डॉक्टर म्हणायचे, डाग एकदा जातो, एकदा येतो, पोरगी गोळ्या नीट घेत नसेल. बाबा माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले, "गोळ्या फेकतं का वं?" मी फेकत नव्हते. एक एक गोळी गिळली होती, अंगावर पित्त उठेपर्यंत. त्या दिवशी मला खरंच वाटलं की आता सुटका नाही. आत बरी होणार नाही आणि बरी झाल्याशिवाय बाहेर जाणार नाही.

दसऱ्यानंतर ताईला पाहायला पाहुणे आले. मुलगा आर्वीला शाळेत मास्तर, घरचं वावर, माणसं भली. बाबा सकाळीच दाराशी आले. "हाये का" विचारलं नाही. म्हणाले, "निर्मले, आज घंटाभर खोकू नको बाप्पा. एवढं कर माह्यासाठी." माझ्या बापाचा आवाज इतका गरीब मी कधी ऐकला नव्हता. मायनं एक धुतलेलं पांढरं लुगड्याचं फडकं हातात दिलं आणि गेली. पाहुणे बसले, पोह्यांची फोडणी तडतडली, ताईला नाव विचारलं, तिनं सांगितलं. आणि त्याच वेळी माझ्या छातीत कळ उठली. मी फडकं तोंडात कोंबलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, बाजेची दोरी हातानं आवळून धरली. श्वास आत जाईना की बाहेर येईना. शेवटी जो खोकला फुटला तो फडक्यातून, भिंतीतून, सगळ्यातून पार गेला. पुढच्या खोलीतून एका बाईचा आवाज आला, "कोन खोकून राह्यलं वं इतकं?" बाबा म्हणाले, "शेजारी हाये कोणी." मग कपबशा वाजल्या. मी फडक्यात तोंड खुपसून मनात म्हणत होते, मेली तू, मोडलं ताईचं.

पाहुणे गेल्यावर दार उघडलं ते ताईनं. दोन वर्षं तिला आत यायची मनाई होती. नवं लुगडं, केसात अबोलीचा गजरा, आणि सरळ येऊन बाजेवर बसली. मी म्हटलं, "लांब हो, लागन तुले." तिनं ऐकलं नाही. माझ्या मुठीतलं फडकं सोडवून घेतलं. पांढऱ्या फडक्यावर तो तपकिरी तुकडा.

"हे काय होय?"

"फुप्फुस होय माहं," मी म्हटलं. "कुजून पडून राह्यलं. कोणाले सांगू नको, तुह्या लग्नापर्यंत टिकतो मी."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. मग मला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडली. दोन वर्षांत मला कोणी शिवलं होतं ते सुईपुरतं. ते पहिलं शिवणं, थोबाडीत का असेना, मला अजून गालावर आठवतं.

ताईनं तो तुकडा आपल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत घातला आणि डबी घेऊन ओट्यावर बाबांपुढं उभी राहिली. "इले वर्ध्याले मोठ्या दवाखान्यात न्या." बाबा म्हणाले, लग्न होऊ दे, वैशाखानंतर नेतो. ताई म्हणाली, "वैशाखापर्यंत हे राह्यत नाई. आन हे नाई राह्यली तं मी पाटावर उभी राह्यत नाई. तुमी मले उचलून ठेवान तं खाली बशीन. पाहा काय करता ते." आमच्या घरात बाबांशी असं कोणी बोललं नव्हतं. माय आतून, "शोभे, शोभे," करत होती. बाबांनी डबी एकदा उघडून पाहिली. मग उठून पेटीतले सगळे जुने एक्सरे काढून टॉवेलात गुंडाळायला लागले.

आमच्या गावच्या थांब्यावरून जायची सोय नव्हती, मी तर रोहण्याला होते ना! म्हणून पहाटे बंडीत कुटाराखाली मला झोपवून तळेगावला नेलं आणि तिथून एसटी. दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या, बारीकशा, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी पाठीला नळी लावून खूप वेळ ऐकलं आणि बाबांना विचारलं, "बेडक्याचा रंग कसा असतो?"

बाबा गोंधळले. "रंग कसा दिसन जी? राखेत थुकते ते."

"राखेत का?"

"टीबी हाये ना जी. आमच्याकडं तसंच करते."

ताईनं डबी पुढं केली. बाईंनी झाकण उघडलं, खिडकीशी गेल्या, काडीनं तो तुकडा हलवून पाहिला. मग टॉवेलातले एक्सरे तारखेप्रमाणं एकापुढं एक उजेडाच्या पेटीवर लावले. इतके दिवस प्रत्येक एक्सरे एकेकटाच पाहिला गेला होता. सगळे शेजारी शेजारी कोणी लावले नव्हते. पहिल्यात डाग उजवीकडं वर. दुसऱ्यात तो नाहीच, डावीकडं दुसरा. तिसऱ्यात पुन्हा उजवीकडं, पण खाली. "टीबी अशी घरं बदलत नाही," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "दिवसभर काय करतेस गं तू?"

"ढेप फोडतो जी."

"कुठं बसून?"

"तिथंच. ढेपीच्या खोलीतच राह्यतो."

"बुरशी येते तिच्यावर?"

"येते जी. हिरवी. मी फुकून टाकतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. तपासण्या झाल्या. रक्त घेतलं, बेडका तपासला, हातावर थेंब ठेवून सुईनं टोचलं. बाकीचे थेंब सुकले, एका थेंबाखाली टरारून सूज आली. तो बुरशीचा होता. मग त्यांनी बाबांना बसवून समजावलं. बुरशीची धूळ सगळ्यांच्याच छातीत जाते, बिघडत नाही. पण दम्याच्या काही मुलांना तिचं वावडं असतं. ती श्वासाच्या नळ्यांत ठाण मांडते, छाती तिच्याशी झगडते, चिवट तपकिरी बेडका धरतो, नळी तुंबते, एक्सरेत डाग दिसतो. तुकडा पडला की डाग जातो, मग दुसरीकडं धरतो. "टीबी नाही हिला. कोणाला लागणारंही काही नाही. आणि टीबी असती तरी असं कोंडून ठेवायचं नसतं, दादा."

"आमी गरम जागा पाहूनच ठेवलं जी," बाबा म्हणाले. "वारा लागू नये म्हणून झरोका बुजवला." एवढं बोलून ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण खरं सांगते, त्या घडीला आली नाही. मला वाटलं, रडा, अजून रडा.

गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्यात मी जिना चढून गेले. नळ्यांचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं, ते आजही माझ्याबरोबर आहे. पर्समध्ये पंप ठेवल्याशिवाय मी दारासमोर भाजीही घ्यायला जात नाही. पुढं शाळेत मास्तरीण झाले तेव्हा वर्गात सतत खोकणारं पोर दिसलं की त्याच्या आईला बोलावून पहिलं हेच सांगायची, बाई, किळस करू नका, पोर काय थुंकतं ते पाहा आणि डॉक्टरला सांगा.

आता पंचाईत अशी की मी आजारी असल्याचं गावाला ठाऊकच नव्हतं, तर बरी झाल्याचं सांगणार कसं? बाबांनी मला दवाखान्यातून थेट रोहण्याला नेलं. आपलं खोटं महिनाभर तरी खरं करून घेतलं. मामीनं खरंच जीव लावला. आणि मग एका भर दुपारी, ताईचं आर्वीच्या त्याच मास्तराशी लग्न पक्कं झालेलं असताना, मी नवा परकर-पोलका घालून, हातात पेटी घेऊन, बाबांच्या मागून आमच्या गावच्या थांब्यावर एसटीतून उतरले. सगळ्यांनी पाहावं म्हणून बाबा मोठ्यानं बोलत होते. गोळ्यांनी माझं तोंड सुजून भोपळ्यासारखं गोल झालं होतं. पानठेल्यावरचा एकजण म्हणाला, "मामाकडचं मानवलं बाप्पा पोरीले!" बाबा हसले. मीही हसले. दोन वर्षांनी आमच्या गावचं ऊन अंगावर पडत होतं आणि मला चक्कर येत होती.

गल्लीच्या तोंडाशी कौसाकाकू भेटली. ही आमची शेजारीण. तिच्या स्वयंपाकघराची आणि ढेपीच्या खोलीची भिंत एकच. बाबा पुढं गेले. काकूनं माझा हात धरून मला बाजूला ओढलं, सुजलेल्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली आणि एकदम तिचे डोळे भरून आले.

"खोकला बंद झाला तवा मले अन्न गोड लागेना वं," ती हळूच म्हणाली. "वाटलं, गेली पोट्टी. तुह्या मायले विचारू तरी कशी?"

माझ्या हातातली पेटी खाली पडली. "तुले मालूम होतं?"

"अर्ध्या गावाले मालूम होतं. खोकला का कोंडता येते? शोभीच्या सासरची बाई त्या दिवशी माह्या दारी आलती इचारायले, कोन खोकते म्हणून. मी म्हटलं, माहा सासरा होय, जुना दमा हाये."

तिच्या सासऱ्याची तेरवी होऊन चार वर्षं झाली होती. हसावं की तिच्या गळ्यात पडावं की तिला बुकलून काढावं, काही कळेना. दोन वर्षं मी त्या भिंतीशी डोकं टेकून एकटी खोकले होते.

"मंग एक हाक तं मारायची होती काकू," मी म्हटलं. "एकच."

काकूनं पदरानं डोळे पुसले.

"मारली असती वं," ती म्हणाली. "पण तू ओ दिली असती ना. मंग शोभीचं कसं झालं असतं?"